खाली कोण आहे?

शहाडच्या कुठल्याही इमारतीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जा ना जरा खाली." त्यावर मूल जे विचारतं, तिकडे मात्र आपलं लक्ष नसतं. ते विचारतं, "खाली कोण आहे?" आपण म्हणतो, "कुणी नसेना का, मोकळी हवा तरी मिळेल." मुलाच्या दृष्टीने बोलणं तिथेच संपलेलं असतं. ते पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतं आणि हल्लीच्या पोरांना खेळायलाच नको, असं म्हणत आपण हळहळतो.

ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी लिहिली आहे. शहाड, मोहने, आंबिवली, म्हारळ, वरप, कांबा आणि कल्याण पश्चिमेतल्या आईबाबांसाठी, आजीआजोबांसाठी, शिक्षकांसाठी. कुठे जायचं, कुठल्या महिन्यात काय बघायचं, कोणते खेळ किती जणांत रंगतात, कुठे सावध राहायचं, हे सगळं पुढच्या प्रकरणांत आलंच आहे. पण ज्या भरवशावर ती प्रकरणं उभी आहेत तो आधी सांगायला हवा. बाहेर न जाणारं मूल आळशी नसतं. मुलाला बाहेर ओढणाऱ्या दोनच गोष्टी असतात: सोबत आणि काहीतरी करायला. हवा, व्यायाम, आरोग्य ही मोठ्यांची कारणं झाली; नऊ वर्षांचं पोर तब्येतीसाठी जिना उतरत नाही. सोबत आणि उद्योग या दोन्ही गोष्टी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण मोठ्यांनीच मुलांच्या हातून काढून घेतल्या आहेत. त्या परत मिळवून देण्याचं कामही आपलंच आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्याने हा प्रश्न एकदा उलट्या बाजूने सोडवलेला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर त्या कामाला लागल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. कोसबाडच्या आसपासच्या पाड्यांवरची वारली मुलं शाळेत येत नसत. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून गप्प बसणं सोपं होतं. या दोघींनी मुलं दिवसभर कुठे असतात ते पाहिलं. मुलं गुरं राखत होती, कडेवर धाकटी भावंडं सांभाळत होती. मग शाळाच कुरणावर गेली. गुरं चरत असायची आणि झाडाखाली शिक्षिका मुलांना घेऊन बसायची. मोजायला बिया, खडे, पानं. रंगांसाठी फुलं आणि माती. माँटेसोरीची महागडी साधनं त्यांनी आधीच बाजूला ठेवली होती, कारण जे पाहिजे ते आवारात पडलेलंच होतं. ही कुरणशाळा. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात तिचं नाव आदराने घेतलं जातं, पण तिच्यातली युक्ती आपण आपल्या घरात वापरत नाही.

ती युक्ती अशी, की मूल जिथे रमलंय तिथे आधी मोठ्याने जायचं. कोसबाडची मुलं कुरणात होती, त्यांना वर्गाची गोडी लावायची होती. आपली मुलं चौथ्या, अकराव्या, अठराव्या मजल्यावर आहेत आणि त्यांना कुरणाची गोडी लावायची आहे. दिशा उलटी झाली तरी रीत तीच. मोबाइल हिसकावून मूल बाहेर जात नाही, ते दुसऱ्या खोलीत जाऊन रडतं. आधी त्याच्या शेजारी बसून तो खेळ काय आहे ते विचारावं लागतं.

आमच्या इमारतीतला एक दहा वर्षांचा मुलगा दिवसदिवस ठोकळ्यांचा एक खेळ खेळायचा. पडद्यावर घरं, बुरूज, बोगदे बांधायचे. क्रिकेटच्या कोचिंगला घातलं, दोन आठवड्यांत सुटलं. सायकल आणली, ती जिन्याखाली धूळ खात राहिली. घरच्यांच्या मते त्याला बाहेरची आवडच नव्हती. त्याला आवड होती ती बांधण्याची, आणि ही गोष्ट सरळ समोर होती. जुलैतल्या एका रविवारी सकाळी त्याला मुरबाड रस्त्याने कांब्याच्या पुढे नेलं. रस्त्यापासून थोडं आत, पाणी भरलेल्या एका खड्ड्यावर बाभूळ झुकलेली होती आणि तिच्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबत होती. पहिली दहा मिनिटं तो कंटाळलाच. चिखल, डास, भूक, सगळ्याची तक्रार झाली. मग डोक्यावर पिवळीजर्द टोपी घातल्यासारखा एक नर गवताची लांब पट्टी चोचीत धरून आला. पात्याच्या कडेला चोचीने छोटी खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की एकसारखी पट्टी फाटून येते. ती पट्टी त्याने फांदीभोवती फिरवली, खालून ओढून घेतली, पुन्हा वरून घातली. मुलगा बोलायचा थांबला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ती तिकडची अर्धीच का सोडलीत?" हा फार चांगला प्रश्न होता. सुगरणीचं घर नर बांधतो. आधी एक कडं, मग उलट्या टोपीएवढा घुमट, आणि तिथे तो थांबतो. मादी येते, आत बसून बघते, ओढून बघते. तिला पसंत पडलं तर पुढचं अंड्यांचं दालन आणि खाली उतरणारी नळी होते. नाही पडलं तर ते घर तसंच अर्धं राहतं आणि नर नवीन कडं विणायला घेतो. हे ऐकल्यावर त्याला प्रत्येक अर्धं घर का नापसंत झालं असेल ते शोधायचं होतं. फांदी बारीक म्हणून? वारा लागतो म्हणून? पुढच्या रविवारी त्यानेच वडिलांना उठवलं. बरोबर शेजारच्या मजल्यावरची त्याच्याच वर्गातली मुलगी होती, आणि एक वही. वहीत झाडाचं चित्र, प्रत्येक घरट्याला आकडा, पुढे "कडं", "टोपी", "नळी" अशी नोंद. आता तो बाहेर जायला तयार होता, कारण त्याचं तिथे काम होतं आणि त्या कामात एक जोडीदार होती. खेळ त्याने सोडलेला नाही, तो अजून खेळतो. तो सुटायलाच पाहिजे असा माझा आग्रहही नाही.

मुलं घरात का बसली, याचं उत्तर गावाच्या नकाशातही सापडतं. शहाड हे कल्याणनंतरचं कसाऱ्याच्या बाजूचं पहिलं स्टेशन. एका अंगाला सेंच्युरी रेयॉन आणि तिची वसाहत, पलीकडे मोहन्याला एनआरसीचा कारखाना. कारखान्यांच्या वसाहतींत आणि चाळींत घरं लहान होती, पण दाराबाहेर पडलं की पोरांची टोळी तयार असायची. डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत, आट्यापाट्या यांसाठी कुणाला बोलवायला जावं लागत नसे. एनआरसी २००९ साली बंद पडली. मुरबाड रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इमारती उठल्या. घरं मोठी झाली, पण दाराबाहेरचं अंगण गेलं आणि खालच्या आवारात गाड्या आल्या. फाटकाशी पाटी लागली: आवारात खेळण्यास मनाई. फाटकाबाहेर नगरकडे जाणारा महामार्ग, त्यावर ट्रक आणि डंपर. आईबाबा दोघंही मुंबईला कामाला. लोकल आणि रिक्षा करून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. अशा घरातल्या आईला "मुलांना बाहेर सोडा" असं सांगणं सोपं आहे. तिची भीती खोटी नाही. रस्ता खरोखरच धोक्याचा आहे, कुत्रे खरोखरच आहेत, आणि लक्ष ठेवायला ओळखीचं माणूस खरोखरच नसतं. म्हणून या पुस्तिकेत कुठल्याही आईबाबांना दोष दिलेला नाही. एकट्या घराने सुटणारा हा प्रश्न नाही, चार घरांनी मिळून सोडवायचा आहे. चार घरांनी वार वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून फार तर दोन संध्याकाळी येतात, आणि मुलाच्या प्रश्नाला रोज खरं उत्तर मिळतं: खाली तिघं आहेत, तुझीच वाट बघतायत.

मुलींबद्दल वेगळं बोललंच पाहिजे. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचं खाली जाणं हळूहळू बंद होतं. कुणी मनाई करत नाही. आधी "लवकर ये", मग "आज राहू दे", मग तिचीच इच्छा उरत नाही, आणि आपण म्हणतो की तिला घरातच आवडतं. लंगडी आणि खो-खोमध्ये महाराष्ट्राच्या मुलींनी नाव काढलं, ते मोकळ्या मैदानांवर. शहाडमधल्या मुलीला तेवढीच मोकळीक हवी असेल तर तिच्या बरोबरीच्या चार-पाच जणींना एकाच वेळी खाली उतरवावं लागेल. एकटी मुलगी कुणाच्याही नजरेत येते. सहाजणी आवारात लंगडी घालत असल्या की त्या आवाराच्या होतात.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण पालकांना हे लगेच पटतं आणि ते पटण्यासारखंच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षांचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. त्या शाळांत तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा दोष जडला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. उघड्यावरच्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामीन पाझरतं आणि डोळ्याचा गोळा लांबट होण्याचा वेग मंदावतो, असं याचं कारण दिलं जातं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगितली आहे. एवढं पुरे. हे आकडे पालकांसाठी आहेत, मुलांना ऐकवू नयेत.

मुलांना ऐकवायचे ते महिने. आपल्या भागात दर महिन्याला बाहेर काही ना काही नवीन येतं, आणि ते कुठे बघायचं हे माहीत असलं की निमित्त शोधावं लागत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर कल्याण स्टेशनाबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. जांभळट तपकिरी देठांच्या त्या जुड्या मुलाच्या हातात द्याव्यात, शेजारी काकडं का ठेवलीत ते त्याने बाईंनाच विचारावं. शेवळं घशाला खाजतात, काकडांच्या आंबटपणाने ती खाज मारली जाते. भाजी चिरायला बसलेलं मूल, हे कुठे उगवतं, असं आपण होऊन विचारतं आणि मग ते बघायला जावंच लागतं. त्याच दिवसांत ओल्या मातीवर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात. काही दिवस दिसतात आणि जातात, म्हणून ते हुकवायचे नाहीत. आषाढीला शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाला रांग लागते. तिथे पावसात चालत जावं, रिक्षाने नाही. फेब्रुवारीत मुरबाडच्या बाजूला सावर आणि पळस फुलतात, त्यावर मैना आणि कोतवाल भांडत असतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेर पडायचं, मधल्या उन्हात मुलाला काढू नये. बहावा तेव्हाच फुलतो आणि पानाच्या द्रोणातली करवंदंही तेव्हाच येतात.

पण वर्षातला एकच मोसम निवडायचा झाला तर मी दिवाळीचा किल्ला निवडीन. बाहेर न येणाऱ्या मुलाला बाहेर आणणारं याहून चांगलं साधन मराठी मुलखाने तयार केलेलं नाही. विटा आणि दगड रचायचे, त्यावर पातळ चिखलात बुचकळलेलं गोणपाट टाकायचं, ओलं असतानाच त्याला दाबून दऱ्या आणि सोंडा काढायच्या. मोहरी नाहीतर हळीव पेरायचे, रोज सकाळी हाताने पाणी शिंपडायचं, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. पायऱ्या काडीने कोरायच्या, तटाला चुन्याचा हात द्यायचा, वर महाराजांचं आसन, खाली मावळे, टाकं, बाजार. यात लाजाळू मुलाला माती मळण्याचं काम मिळतं, बोलक्याला वर्गणीचं, चित्र काढणाऱ्याला नकाशाचं. ज्याला गोंगाट सोसत नाही तो एका कोपऱ्यात बसून तासभर बुरूज घोटतो आणि तरी टोळीतच असतो. भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. ती बारा नावं पाठ असलेली मुलं मला भेटतात. त्यांतल्या कित्येकांच्या नखांत माती गेलेली नसते. बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला आणू नका, अशी माझी प्रत्येक घराला विनंती आहे. आणि किल्ला झाल्यावर खरा दाखवा. दुर्गाडी कल्याणातच आहे, खाडीच्या काठी. थोड्या मोठ्या मुलांना थंडीत माहुली दाखवावा. शहाडहून थेट आसनगावला लोकल जाते, आणि १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटची झुंज दिली ती याच किल्ल्यावरून. माहुलीची चढण दमवणारी आहे, वाटाड्या घ्यावा आणि मुलाने जिथे थांबू म्हटलं तिथे थांबावं.

नदीबद्दल मात्र मी कठोर आहे. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर करत शहाडला येते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. २७ जुलै २०१९ रोजी तिच्याच पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्यात पोहायला उतरून दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पोर जातं. मुलांना घेऊन गेलात तर पाण्यात पाय घालायचा नाही, पावसाळ्यात काठावरही उतरायचं नाही. पण म्हणून नदी दाखवायचीच नाही, हेही मला पटत नाही. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे सुरक्षित जागी उभं राहून तिचं पाणी बघता येतं. खंड्या सूर मारतो, वंचक तासनतास हलत नाही, उन्हाळ्यात जलपर्णी पसरली की पाणीच दिसेनासं होतं. मुलांना सांगावं की कल्याण-डोंबिवलीचं पिण्याचं पाणी मोहिलीला याच नदीतून उचललं जातं, आणि शहाड-टेमघर योजनेतून इथलंच पाणी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत पोचतं. आपल्या नळाची नदी डोळ्यांनी पाहिलेलं मूल जलपर्णी बघून जे विचारतं, त्याची उत्तरं आपल्याकडे नसली तर महापालिकेला विचारावीत. मुलांच्या हस्ताक्षरातलं पत्र पाठवावं.

मोठ्यांनी बाहेर कसं वागायचं यावर एक प्रकरण आहे, त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच सांगते. पक्ष्याचं नाव विचारून मुलाची परीक्षा घेऊ नका. माहिती देण्याची घाई करू नका. फोटो काढण्यासाठी मुलाला वळायला लावू नका, आपला फोन खिशातच असू द्या. दर वेळी नवीन जागा हवी असा हट्टही धरू नये. एकाच झाडाकडे, एकाच तळ्याकडे पुन्हा पुन्हा गेलं तरच बदल दिसतो आणि मुलाला ती जागा आपली वाटते. सुरुवातीचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तो घालवायला धडपडू नका, त्यातूनच मूल स्वतःचं काहीतरी काढतं. काठी उचलतं, खड्ड्यात दगड टाकतं, मुंग्यांच्या रांगेत पान आडवं ठेवतं. ते काम सुरू झालं की आपण चार पावलं मागे सरावं. कपडे मळले म्हणून घरी रागावणाऱ्या माणसाबरोबर मूल दुसऱ्यांदा येत नाही.

राहिली ती फाटकावरची पाटी. या पुस्तिकेतलं सगळं करूनही ती पाटी तिथेच राहिली तर रोजची संध्याकाळ मुलांना मिळणार नाही. रविवारची सहल रोजच्या खेळाची जागा भरून काढत नाही. गृहनिर्माण संस्थांना सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. यंदाच्या सभेत पाणी, लिफ्ट आणि पार्किंगच्या विषयांबरोबर एक ठराव मांडा: आवारातली "खेळण्यास मनाई"ची पाटी काढावी, आणि रोज संध्याकाळी साडेपाच ते सात आवारात गाडी आणू नये, काढू नये, अडचणीच्या वेळी रखवालदाराने पुढे चालत गाडी सोडावी. एकट्याने मांडू नका, आधी चार घरांत बोलून घ्या, सूचक आणि अनुमोदक ठरवून ठेवा. ज्यांची मुलं मोठी होऊन गेली त्या आजीआजोबांना आवर्जून सभेला बोलवा. या ठरावाच्या बाजूने सर्वांत आधी त्यांचा हात वर होईल.